दोरीवरच्या लाल पट्ट्या

विमानं पुसायचा पगार मिळतो, हे तिच्या माहेरी अजून कुणाला पटलेलं नव्हतं. भाऊ फोनवर हटकून विचारायचा, काय गं, आज विमानं भांड्यांबरोबरच घासलीस की वेगळी? तिने ते मनावर घेणं सोडून दिलं होतं. जुनी लढाऊ विमानं जपणारं एक मंडळ होतं, मंडळाची पत्र्याची लांबलचक शेड होती, शेडमध्ये तीन विमानं होती आणि ती तिन्ही लखलखीत ठेवणं हे तिचं काम. तिथे सगळे तिला पॉलिशताई म्हणत. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. त्यामुळे घर, शाळेत जाणारी बबडी आणि सासूबाई गेल्यावर त्यांच्याकडे राहायला आलेले मामंजी, हे सगळं पॉलिशताईच्याच गळ्यात. तक्रार करणाऱ्यांतली ती नव्हती, पण म्हणून काही तिला दहा हात फुटले नव्हते.

बरं, काम दिसतं तितकं सोपं नाही. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा उघडा राहिला की काळवंडतो. त्याला पॉलिश लावून मऊ फडक्याने घासत बसायचं, तेही पत्र्याच्या रेघेच्या दिशेने. आडवातिडवा हात मारलात की ओरखडे जन्माचे सोबती. घासताना काळा चिकट मळ वर येतो, तो काढायला कोरडा मैदा भुरभुरवून पुसून घ्यायचा. रिव्हेटांच्या डोक्यांभोवती दात घासायचा जुना ब्रश चालवायचा. चाकं अधूनमधून थोडी फिरवायची, नाहीतर टायर एकाच जागी बसून चपटे होतात. हे सगळं शिकायला तिला चार वर्षं लागली होती, आणि आता तिचा हात असा बसला होता की मधल्या विमानाच्या पोटाखाली उभं राहून बायका केस नीट करून घेत.

पण नुसत्या घासण्याने विमान टिकत नाही, त्याला पैसा लागतो. ते खातं मंडळाच्या चिटणीसांचं. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, जिभेवर साखर, आणि देणगीदाराचा वास त्यांना मैलावरून यायचा. ‘विमान दत्तक घ्या’ अशी योजना त्यांनीच काढली होती. जो मोठी देणगी देईल त्याच्या नावाची छोटी पाटी विमानाखाली लागायची, आणि वार्षिक कार्यक्रमात त्याला तिन्हींतल्या एकुलत्या जेटच्या खुर्चीत बसवून फोटो काढायचे. मग पाहुण्यांच्या पोराबाळांनाही एकेक करून बसवायचं. यंदा पाइपांचे एक कारखानदार गळाला लागले होते. शेडचं छप्पर ठिकठिकाणी गळत होतं, ते अख्खं बदलून देतो म्हणाले होते. चिटणीसांना तर आनंदाने जेवण जात नव्हतं.

पॉलिशताईला एक खोड होती. मळ दिसला की तिला चैन पडत नसे. तर झालं असं, की जेटच्या त्या खुर्चीला बोटभर लांबीच्या तीन पिना होत्या: एक बसणाऱ्याच्या गुडघ्यांमधल्या पिवळ्या-काळ्या कडीत, एक डोक्यावरच्या तसल्याच कडीत आणि एक पाठीमागच्या जाड नळीच्या माथ्याशी. प्रत्येक पिनेला हातभर लांब लाल कापडी पट्टी शिवलेली. विमान आरशासारखं आणि ह्या पट्ट्या मात्र तेलकट, बोटांच्या डागांनी काळ्या झालेल्या. पहिल्याच वर्षी तिने चिटणीसांना विचारलं होतं. ते म्हणाले, काढा त्या चिंध्या, फोटोत घाण दिसतात, कार्यक्रम झाला की लावा परत. तेव्हापासून दर वर्षी कार्यक्रमाच्या आधी ती तिन्ही पिना उपसायची, घरी नेऊन पट्ट्या साबणाच्या पाण्यात भिजवायची, चोळून धुवायची, दोरीवर वाळत घालायची आणि नंतर सावकाश परत खोचायची. कुणी कधी ब्र काढला नव्हता. उलट एकदा अध्यक्षांनी कौतुकाने म्हटलं होतं, ताई, तुम्ही तर विमानाचे कपडेसुद्धा धुता.

यंदाही तसंच. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून ती शेडमध्ये शेवटचा हात फिरवत होती. अकराच्या सुमाराला अंघोळ करून साडी बदलायला म्हणून घरी आली. बबडीला कारखानदारांना पुष्पगुच्छ द्यायचा होता, म्हणून नवा फ्रॉक घालून ती चिटणीसांच्या गाडीतून आधीच पुढे गेली होती. पॉलिशताई गॅलरीत ओले केस झटकत उभी होती, तेवढ्यात मामंजी चहाचा कप घेऊन बाहेर आले.

मामंजींविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. उभं आयुष्य लष्करी विमानतळावर काढलेला माणूस, लढाऊ विमानांच्या खुर्च्या बसवायचं आणि तपासायचं काम. आता हाताला कंप सुटला होता, कप ओठाला लागेपर्यंत निम्मा चहा बशीत. इथे येऊन वर्ष होत आलं, पण शेडवर एकदाही फिरकले नव्हते. सुनेने दोनदा आग्रह केला तेव्हा म्हणाले होते की विमानांच्या पोटात हात घालून घालून कंटाळलोय, आता त्यांची तोंडं दाखवू नकोस. तिलाही वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, कशाला खवळवायचं.

दोरीवर बबडीचे मोजे, टॉवेल आणि तीन लाल पट्ट्या लोंबत होत्या. मामंजींनी त्या पाहिल्या. एरवी ह्या माणसाच्या हातून कप निसटायचा. आज त्यांनी तो वाकून, अगदी जपून जमिनीवर ठेवला.

"सूनबाई, ह्या कुठून आणल्यास?"

तिने सांगितलं. सांगताना हसलीसुद्धा, की मळल्या होत्या म्हणून धुवायला आणल्या. मामंजी हसले नाहीत. त्यांनी विचारलं की आज त्या खुर्चीत कुणी बसणार आहे का. ती म्हणाली, बसणार म्हणजे काय, कार्यक्रमच त्याचा आहे. मग त्यांनी तिला आठवून सांगायला सांगितलं की खुर्चीच्या मागे जी जाड नळी आहे तिच्या माथ्यावर काय आहे, नुसतं भोक आहे की पितळी टोपी आहे. आठवायचं काय त्यात? त्या खुर्चीचा कणन् कण तिच्या बोटांना पाठ होता. टोपी आहे म्हणाली. दर महिन्याला मीच चकचकीत करते, तोंड दिसतं तीत.

मामंजींनी भिंतीला हात टेकला. मग म्हणाले,

"ती खुर्ची नाही पोरी. ती तोफ आहे, आणि बसणारा माणूस तिचा गोळा. कडी ओढली की उडते. ह्या पिना असतात म्हणून उडत नाही."

ती चाचरत म्हणाली की पण सगळं रिकामं केलेलं आहे, सगळे तसंच म्हणतात. कोण सगळे, मामंजींनी विचारलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की सगळे म्हणजे चिटणीस. आणि चिटणीसांना ते आधीच्या चिटणीसांनी सांगितलेलं, आणि त्यांना आणखी कुणी. विमान ट्रकवरून आलं तेव्हा त्याच्या बंदुका काढलेल्या होत्या. शस्त्रं काढली, झालं, विमान निर्धोक. खुर्ची हे शस्त्र आहे असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. खुर्ची ती खुर्ची, बसायला असते. मामंजी म्हणाले, रिकामी केली असती तर टोपी राहिली नसती. टोपी आहे म्हणजे आत काडतूस आहे. जुनं आहे, मेलेलंही असेल, पण मेलंय की झोपलंय हे उठवल्याशिवाय कळत नाही.

तिने चिटणीसांना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, परत तेच. कार्यक्रमात सगळ्यांचे फोन एका खोक्यात बंद करून ठेवायचा नियम त्यांनीच घातला होता, कारण आदल्या वर्षी अध्यक्षांच्या भाषणात कुणाचा तरी फोन कोंबड्यासारखा आरवला होता. वॉचमनचा नंबर तिच्याकडे नव्हता. बबडी तिथे होती. बबडी गुच्छ देणार होती, आणि गुच्छ खुर्चीत बसलेल्या माणसाला द्यायचा होता, शिडीवर चढून. हे तिला त्या क्षणी दिसलं.

पट्ट्या ओढून तिने पिशवीत कोंबल्या. ओल्या केसांवर पदर नाही, पायात दोन वेगळ्या चपला. मामंजी मागे बसले. स्कूटरवर त्यांना बसवायची तिची कधी छाती झाली नव्हती, आज विचारायलाही वेळ नव्हता. त्यांचे हात तिच्या खांद्यांवर थरथरत होते. ते कंपाने की भीतीने हे तिला कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

रस्ता नेहमीचाच. औषधाचं दुकान, पिठाची गिरणी, लाकडाची वखार. पण घाई असली की रस्ता उलटतो म्हणतात ते खोटं नाही. वखारीपाशी एक टेम्पो आडवा लागलेला, ड्रायव्हर निवांत दोर सोडत होता. ती त्याच्यावर ओरडली नाही, तिला ओरडता येईना. तिने स्कूटर सरळ गटाराच्या कडेने काढली. मामंजी तिच्या कानाशी बोलत होते. तिथे पोचल्यावर ओरडायचं नाही. पळायचं नाही. माणूस दचकला की पहिल्यांदा हाताशी असेल ते घट्ट धरतो. आधी गुडघ्यांमधली पिन, मग डोक्यावरची, मग मागची. आणि पिना लागेपर्यंत त्याला उठू द्यायचं नाही, कपडे कडीत अडकतात. मी चढलो असतो, म्हणाले, पण ह्या हातांनी भोक सापडायचं नाही. तुलाच लावाव्या लागतील.

आणि मग, न विचारताच, त्यांनी ते सांगितलं जे वर्षभरात घरात कधी बोलले नव्हते. त्यांचा एक जोडीदार होता. हँगरमध्ये, छताखाली, खुर्ची तपासताना एक पिन लावायची राहिली. छताचं काय झालं ते तिने विचारलं नाही.

पण तिला दुसरंच काहीतरी आठवलं होतं. गेल्या वर्षी पाहुण्यांपैकी कुणाचा तरी एक मस्तीखोर मुलगा खुर्चीत बसला होता. त्याने गुडघ्यांमधली कडी दोन्ही हातांनी धरून ओढली होती. सगळे हसले होते, तीही हसली होती. कडी हलली नव्हती. वर्षानुवर्षांच्या गंजाने आणि सुकलेल्या पॉलिशने ती घट्ट बसली होती. कार्यक्रमानंतर चिटणीस म्हणाले, ताई, ती जरा सैल करून ठेवा, मुलांना ओढून बघायला मजा येते. आणि तिने केली होती. ब्रशने मळ कोरून काढला होता, तेलाचे थेंब सोडले होते, दोन दिवस मुरू दिलं होतं. आता ती कडी कुणी ओढली तर लोण्यातल्या सुरीसारखी सरकली असती. हे तिचं स्वतःचं काम होतं, नीट केलेलं, नेहमीसारखं. हे मामंजींना सांगायला तिची जीभ उचलेना.

शेडबाहेर गाड्याच गाड्या. स्कूटर तिने वॉचमनच्या अंगावरच टाकली. आत खुर्च्यांच्या रांगा भरलेल्या, माइकवर चिटणीसांची गंगा वाहत होती. छप्पर, वारसा, दातृत्व, पुढच्या पिढ्या. जेट समोर लखलखत होतं, त्याला शिडी लावलेली, काचेचं झाकण मागे सारलेलं. कारखानदार खुर्चीत बसले होते. आणि त्यांच्या मांडीवर, नव्या फ्रॉकमध्ये, बबडी.

गुच्छ दिल्यावर त्यांनी तिला प्रेमाने आत घेतली होती. माणूस वाईट नव्हता हो. हसरा, अंगाने भरलेला, नातवंडांत रमणारा. त्याची मूठ गुडघ्यांमधल्या पिवळ्या-काळ्या कडीवर होती, आणि मुठीवर बबडीचे दोन्ही पंजे. फोटोग्राफर शिडीखाली गुडघ्यावर बसून डोळा मिटून काहीतरी म्हणत होता. चिटणीसांच्या आवाजात ते ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात कारखानदारांनी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की काय हो, हे ओढलं तर काय होतं? आणि चिटणीस, बँकेत चाळीस वर्षं प्रत्येक कागद दोनदा वाचूनच सही केलेला माणूस, माइकवरून म्हणाले,

"खुशाल ओढा साहेब, सगळं रिकामं आहे."

लोक हसले. ओरडायचं नाही, पळायचं नाही. पॉलिशताई चालत निघाली. खुर्च्यांच्या मधून, ओल्या केसांनी, वेगळ्या चपलांनी, हातात प्लास्टिकची पिशवी. चिटणीसांनी डोळे वटारले. फोटोग्राफर वैतागून काहीतरी बोलला, कारण ती सरळ त्याच्या कॅमेऱ्यासमोरून शिडीवर चढली. शिडीच्या पायऱ्या तिने हजार वेळा चढल्या असतील, पण आज पाय कुठे पडतोय ते कळत नव्हतं.

"आई, फोटो चाललाय," बबडी नाराजीने म्हणाली.

तिने तोंडावर हसू आणलं. कसं आणलं ते तिचं तिलाच ठाऊक. म्हणाली की कडीवर एक डाग राहिलाय, फोटोत दिसेल, जरा हात वर करा. बबडीने हात काढले. आईच्या डागांची तिला घरातून सवय होती. कारखानदारांनी मात्र मूठ सोडली नाही. राहू द्या हो ताई, म्हणाले, एवढं चकचकीत कुणी ठेवतं का, डाग बघायला कोण येतंय. बोलता बोलता त्यांनी कडीला लाडाने हिसका दिल्यासारखा केला. पॉलिशताईने सरळ त्यांच्या मुठीखाली आपला हात घातला. कडी आणि खुर्ची यांच्यामध्ये तिची चार बोटं अडकली, आणि वर त्यांचा भरभक्कम पंजा. दुखलं. दुखू दे, म्हणाली मनात. दुसऱ्या हाताने पिशवीतून पिन काढली. ओली पट्टी मनगटाला गुंडाळली गेली. भोक समोर होतं, तिने स्वतः ब्रशने साफ केलेलं, आणि पिनेचं टोक त्याच्या डावीकडे, उजवीकडे, खाली आपटत होतं. तिने श्वास रोखला. पिन आत गेली.

आता कारखानदारांना कंटाळा आला असावा. बास झालं म्हणाले, उतरू या, आणि उठायला आधार म्हणून त्यांनी हात वर नेला. डोक्यावर दुसरी कडी होती. हात धरायला अगदी सोयीची, जणू बसमध्ये उभं राहायला टांगलेली. पॉलिशताईने त्यांचं मनगट पकडलं. पकडलं म्हणजे कसं, नखं रुतली त्यांना. सगळ्या शेडसमोर, माइकसमोर, विमानं पुसणाऱ्या बाईने छप्पर देणाऱ्या माणसाचं मनगट धरून ठेवलं. हसणं थांबलं. चिटणीसांचं भाषण अर्ध्या शब्दावर तुटलं. कारखानदारांच्या तोंडावर आधी आश्चर्य आलं आणि मग राग चढायला लागला.

तेव्हा खालून मामंजी बोलले. तिने तो आवाज घरात कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण त्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

"साहेब, हात मांडीवर घ्या. पोरीला धरून ठेवा. हलू नका."

कारखानदारांनी हात मांडीवर घेतला. तिने दुसरी पिन लावली. मग बबडीच्या डोक्यावरून, त्या गृहस्थांच्या खांद्यावरून वाकून, मागच्या नळीशी तिसरी. पितळी टोपीत तिला स्वतःचा चेहरा दिसला, आणि तो तिला ओळखू आला नाही. मग तिने बबडीला काखेत धरून उचललं आणि शिडी उतरली. खाली पाय टेकल्यावर ती मटकन बसलीच. लोकांना वाटलं, बाईला घेरी आली. कुणीतरी पाणी आणलं, कुणीतरी वारा घातला. बबडीला लाज वाटत होती, सगळे बघत होते म्हणून.

मामंजींनी कारखानदारांना बाजूला नेऊन शांतपणे सगळं सांगितलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चिटणीस मात्र शेवटपर्यंत चिटणीसच. आधी ते सुनेवर घसरले, पट्ट्या कुणाला विचारून काढल्या म्हणून. पट्ट्या चिंध्या आहेत हे कोण म्हणालं होतं ते त्यांना सोयीस्करपणे आठवेना. मग मामंजींना समजावायला लागले की झालं ते झालं, इतक्या वर्षांचं काडतूस, ओल लागून केव्हाच मेलं असेल, बाहेर बोभाटा झाला तर देणगीदार फिरकणार नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. मामंजी एकच वाक्य बोलले, की मूठ कडीवरची होती. कारखानदारांनी तिथल्या तिथे सांगितलं की छप्पर देईन, पण ती खुर्ची आधी तपासली गेली पाहिजे.

पुढच्या आठवड्यात लष्करी तळावरून दोन माणसं आली. त्यांनी नळी बघितली, एकमेकांकडे बघितलं आणि शेड रिकामी करायला सांगितली. काडतूस जागेवर होतं, आणि इतकं चिकटलेलं की काढायला गेलं तर हातात फुटेल. मग त्यांनी ठरवलं की विमान बाहेर गवतावर ओढायचं आणि लांबून दोरीने कडी ओढून खुर्ची उडवायची, म्हणजे उडाली तर उडाली. मंडळाचे सगळे जमले. कारखानदारही आले. मातीच्या बांधामागे सगळ्यांना उभं केलं. पॉलिशताईला बबडीला आणायचं नव्हतं, पण मामंजी म्हणाले, येऊ दे, बघू दे तिला.

दोरी कुणी ओढायची, तर मामंजींनी मागून घेतली. त्या दोघांतला तरुण त्यांच्या हातांकडे बघून घुटमळला. मामंजी म्हणाले, पिन लावायला हात स्थिर लागतो बाबा, ओढायला कसाही चालतो. चिटणीस तेवढ्यातही शेजारच्याला सांगत होते, बघा, फुस्स होणार.

मामंजींनी दोरी ओढली.

आवाज कानाला लागला नाही, छातीला लागला. जेटवर धुराचा लोट उठला आणि खुर्ची नाहीशी झाली. मग कुणीतरी वर बोट केलं. ती शेडच्या छपरापेक्षा उंच होती, पलीकडच्या झाडांपेक्षा उंच, हवेत वेडीवाकडी फिरत होती, आणि तिथून ती खाली यायला इतका वेळ लागला की पॉलिशताईने मधल्या वेळात चार वर्षांतली सगळी पोरं त्या खुर्चीत एकेक करून बसवली. तो मस्तीखोर मुलगा. अध्यक्षांच्या जुळ्या नाती. शाळेच्या बाईंच्या कडेवरचं तान्हं बाळ, ज्याचा फोटो मंडळाच्या कॅलेंडरवर होता. खुर्ची गवतावर पडली आणि तिचा चुरा झाला. चिटणीस बांधाआड खाली बसले आणि ओकले. कारखानदार स्वतःच्या उजव्या तळहाताकडे बघत राहिले.

बबडीने आईच्या पोटात तोंड खुपसलं होतं. धूर विरल्यावर तिने मान वर केली.

"आई, आम्ही ओढणार होतो."

कोण आम्ही, तिने विचारलं.

"मी आणि ते गुच्छवाले आजोबा. फोटोवाले काका तीन म्हणाले की ओढायचं, असं आमचं ठरलं होतं. त्यांचं दोन म्हणून झालं होतं. मग तू मध्ये आलीस."

आठ वर्षांची उंच झालेली पोर, पाय पार आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबणारी, पॉलिशताईने कडेवर उचलली आणि घराकडे चालायला लागली. बबडी म्हणत होती, सोड ना, लाज वाटते. मामंजी मागून म्हणत होते, अगं चालू दे तिला, दोन पाय आहेत तिला. घर येईपर्यंत तिने तिला खाली ठेवलं नाही.